बांगडा बर्फात, ओव्हरी थर्मासात

प्रश्न: मी फोंड्याची, एमएस्सी बायोटेकला आहे. प्रोजेक्टला डुकराची बीजांडं लॅबमध्ये मॅच्युअर करायचा विषय घेतलाय. कत्तलखान्यातून ओव्हऱ्या (अंडाशयं) बर्फाच्या डब्यातून आणतो, बीजांडं काढून मीडियात (पोषक द्रवात) ठेवतो आणि २४ तासांनी बघतो तर भोवतीचा क्युम्युलस (पेशींचं आवरण) मस्त फुगलेला पण पोलर बॉडी (बीजांड पिकलं की त्यातून सुटणारी बारीक पेशी) जवळजवळ कुणालाच नाही. तीनदा असंच झालं. सर म्हणतात इन्क्युबेटर बिघडलाय. आणि घरी विचारतात, डुकराची अंडी पिकवून तुला काय मिळणार?

उत्तर: अगं, इन्क्युबेटरला कशाला दोष देता, आधी तो बर्फ बंद करा! आपल्या गोंयात काहीही ताजं ठेवायचं म्हटलं की हात बर्फाकडेच जातो, पण हा बांगडा नव्हे. डुकराच्या बीजांडात चरबीचे थेंब खच्चून भरलेले असतात, म्हणून तर ते मायक्रोस्कोपखाली काळं दिसतं, आणि त्यामुळेच त्याला थंडी अजिबात सोसत नाही, साधारण १५ डिग्रीच्या खाली गेलं की गेलंच. १९९० च्या दशकात जपानी शास्त्रज्ञांनी भ्रूणातली ही चरबी सेंट्रिफ्यूजने एका बाजूला सारून सुईने ओढून काढली तेव्हा तेच भ्रूण थंडीत टिकले, म्हणजे गुन्हेगार कोण ते कळलंच. तर चहाचा असतो तसा थर्मास घ्या, त्यात ३५ ते ३७ डिग्रीचं सलाईन, थोडं अँटिबायोटिक, आणि वाटेत कुठे न थांबता लॅब गाठा. ओव्हरीवरचे ३ ते ६ मिमीचेच फॉलिकल (बीजांड असलेले पाणीदार फुगे) घ्या, १८ नंबरची सुई, सावकाश ओढा.

दुसरी चूक २४ तासांची. हा हिशोब गाईचा, कुणीतरी गाईचा प्रोटोकॉल तसाच उचललेला दिसतोय. डुकराला ४२ ते ४४ तास लागतात, ३८.५ ते ३९ डिग्री, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. पहिले २२ तास हार्मोनवाला मीडिया, नंतर बिनहार्मोनचा. सोमवारी दुपारी ४ ला ठेवलीस तर मंगळवारी २ ला मीडिया बदल आणि बुधवारी १२ ला बघ, मधे सारखं दार उघडून डोकावू नकोस. आणि क्युम्युलस फुगला म्हणजे हार्मोन लागू पडलं एवढंच, आतलं बीजांड पिकलं की नाही ते पोलर बॉडीच सांगणार, तेही क्युम्युलस हायल्युरोनिडेज या एन्झाइमने सोडवून काढल्यावर. कत्तलखान्यात बहुतेक ५-६ महिन्यांच्या, अजून माजावर न आलेल्या माद्या येतात, त्यांची बीजांडं व्यायलेल्या डुकरिणीपेक्षा जरा कमी प्रतीचीच, तेव्हा शंभर टक्क्यांची आशा धरू नकोस.

पुढे फर्टिलायझेशन करणार असशील तर आत्ताच सांगून ठेवते, डुकरात एकाच बीजांडात चार चार शुक्राणू घुसतात, ती डोकेदुखी वेगळी.

घरच्यांना सांग, जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत मेरीलँडला एका माणसाला जीन बदललेल्या डुकराचं हृदय बसवलं, तो दोन महिने जगला. असे जीन बदललेले डुक्कर क्लोनिंगने तयार करतात, आणि क्लोनिंगला पिकलेली बीजांडं लागतात. तेवढं पटलं नाही तर आगोंदच्या गावठी डुकराचं नाव काढ, 'आगोंदा गोवन' ही आपली रजिस्टर झालेली जात आहे, तिचं बी राखायचं म्हटलं तरी हेच तंत्र कामाला येईल.