वाचकांचे प्रश्न : पायाच्या मापाचा कॅलिपर (आधाराची चौकट) करून घेताना

प्रश्न : वय ५४, वजन ७८ किलो. लहानपणी पोलिओ झाला. उजव्या पायाला मांडीपर्यंतचा जुना लोखंडी कॅलिपर आहे, बूट त्यालाच जोडलेला. आता नवा करायचाय. एक जण अ‍ॅल्युमिनियम सांगतो, दुसरा प्लास्टिक, तिसरा कार्बन फायबर. काय घ्यावं? (एक वाचक, नाशिकरोड)

उत्तर : मटेरियल सगळ्यात शेवटी ठरवा. आधी पाय नीट तपासून घ्या. गुडघा सरळ ठेवणाऱ्या मांडीच्या स्नायूत जोर किती, कमरेत किती, गुडघा पूर्ण सरळ होतो का, की उलटा मागे जातो, आणि घोटा कुठल्या बाजूला झुकतो, हे ऑर्थोटिस्टकडून (कॅलिपर बनवणाऱ्या तज्ज्ञाकडून) कागदावर लिहून घ्या. एक गोष्ट घरीही पाहता येते. सपाट पलंगावर उताणे झोपा आणि पाय सैल सोडा. गुडघ्याची मागची बाजू गादीला टेकली नाही, तर गुडघा आखडलेला असू शकतो.

यावरून कॅलिपरचा गुडघ्यापाशी असलेला सांधा ठरतो. ‘ऑफसेट’ सांध्याची कणी (ज्यावर तो वळतो ती खीळ) गुडघ्याच्या मध्यापेक्षा थोडी मागे बसवतात. उभं राहिलं की शरीराचा भार कणीच्या पुढून जातो आणि गुडघा आपोआप सरळ दाबला जातो, लॉक लागत नाही. पण त्यासाठी गुडघा पूर्ण सरळ व्हायला हवा आणि कमरेत जोर हवा. गुडघा दहा अंशांपेक्षा जास्त आखडलेला असेल, तर हा सांधा उतारावर दगा देतो. तिथे लॉकच हवा, आणि लॉकमध्ये साधा रिंग लॉक (सांध्यावर कडी सरकून तो सरळ अडकवणारा) सगळ्यात भरवशाचा. तुमच्या वजनाला तो पायाच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूच्या अशा दोन्ही उभ्या पट्ट्यांना लावा, एकाच बाजूला लावला तर पट्टी पिळवटते. बसताना रिंग वर अडकून राहावी म्हणून खाली स्प्रिंगची गोळी बसवून मिळते, ती मागून घ्या. मागच्या बाजूला कमान असलेला लॉक खुर्चीच्या कडेला दाबला की उघडतो. बसायला तो फार सोयीचा, पण बसमध्ये किंवा रविवार कारंजाच्या गर्दीत मागून कुणाचा धक्का लागला तरी उघडू शकतो. रोज गर्दीत वावर असेल तर तो घेऊ नका, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता पट्ट्या. त्याच मापाची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी स्टीलच्या साधारण एक तृतीयांश वजनाची भरते, पण तेवढाच जोर यायला ती जाड घ्यावी लागते. शिवाय स्टील बहुधा आधी वाकतं, म्हणजे कळतं तरी. अ‍ॅल्युमिनियम रोजच्या ताणाने आतून थकतं आणि एके दिवशी तुटतं. चीर सुरू होते ती रिव्हेटच्या भोकापाशी किंवा वाकवताना पान्याचा ओरखडा पडला असेल तिथे. एकाच जागी पट्टी दोनदा-तीनदा वाकवून माप बसवलेलं दिसलं, तर ती पट्टी बदलून मागा. तुमच्यासाठी सांधे स्टेनलेस स्टीलचे आणि पट्ट्या जाड अ‍ॅल्युमिनियमच्या चालतील. चालणं फार असेल, तर दोन्ही स्टीलचेच घ्या.

मांडी आणि पोटरीचे कवच पॉलिप्रोपिलिनचं, मूळ पत्रा ५ मिमीचा. यात दोन जाती. होमोपॉलिमर ताठ असतं पण कडेला खाच पडली की तिथून तडकतं. कोपॉलिमर थोडं लवतं, पण टिकतं. दोन्ही हीट गनने तापवून टोचणारी कड बाहेर वळवता येते. कार्बन फायबर हलकं आणि ताठ, पण एकदा घडलं की तापवून आकार बदलत नाही. वजन कमी-जास्त होत असेल किंवा संध्याकाळी पाय सुजत असेल, तर त्यावर पैसे घालू नका. सूज बरीच असेल तर प्लास्टिकच्या कवचापेक्षा चामड्याचे पट्टेच बरे, ते सैल करता येतात.

प्लास्टिकचा तळवा बुटाच्या आत जातो, म्हणून बूट बदलता येतात, फक्त टाचेची उंची तीच ठेवा. माप घेतलं तेव्हापेक्षा टाच सेंटिमीटरभर उंच झाली, तरी नडगी पुढे झुकते आणि गुडघ्यावर ताण येतो. माप द्यायला जाल तेव्हा रोजचा बूट बरोबर न्या.

प्रश्न : द्राक्षबागेत काम करतो. लॉक अडकतो, स्क्रू ढिले होतात, पट्टीवर पांढरी भुकटी येते. (दिंडोरी)

उत्तर : तुम्ही बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण) फवारत असणार. मोरचुदातलं तांबं अ‍ॅल्युमिनियमला खातं. त्यात घाम आणि स्टीलचा स्क्रू एकत्र आले की भोकाभोवती पट्टी आणखी लवकर झिजते. बागेत वावरायचं तर पट्ट्या आणि स्क्रू दोन्ही स्टेनलेसचे घ्या. फवारणीनंतर कॅलिपर साध्या पाण्याने धुऊन पुसा. सांध्यात ग्रीस भरू नका, त्यात माती बसते. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरे, वरचं पुसून टाका. स्क्रूला मध्यम ताकदीचा निळा थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ न देणारा चिकट द्रव) लावा. कायमचा लाल लावला तर पुढे सांधा उघडताना हाल होतात.

लॉक अडकण्याचं कारण मात्र बहुतेकदा माती नसून तिरके बसलेले सांधे असतात. दाराच्या दोन बिजागऱ्या एका रेषेत नसल्या की दार अडकतं, तसंच हे. कॅलिपर काढा, रिंग वर करा, मांडीकडचा भाग हातात आडवा धरून पोटरीकडचा भाग सोडा. तो स्वतःच्या वजनाने सहज खाली यायला हवा. मध्येच थांबला तर तेल घालत बसू नका, पट्ट्या समांतर करून घ्या. आडवा खुळखुळाट असेल तर बुश (कणीभोवतीची नळी) झिजलंय. बुश बदलता येईल असाच सांधा नव्यात मागा.

प्रश्न : मुलगी ७ वर्षांची, सेरेब्रल पाल्सी. गुडघ्याखालचा प्लास्टिकचा स्प्लिंट घोट्यापाशी वारंवार तडकतो. जाड करून घेऊ का? (सातपूर)

उत्तर : आधी चीर कुठून सुरू झाली ते पाहा. घोट्याच्या गाठीमागे प्लास्टिक जास्त कापलं असेल, कडेला ग्राइंडरचा ओरखडा राहिला असेल, किंवा साच्यावर ओढताना टाचेपाशी पत्रा ताणून पातळ झाला असेल. जाडी मोजायच्या गेजने मोजा, ४ मिमीचा पत्रा तिथे अडीच भरला तर तेच कारण. उपाय म्हणजे घोट्यापाशी प्लास्टिकमध्ये उभ्या फुगीर रेघा काढणं आणि कड पुढे घेणं. सगळाच जाड केला तर मुलीला उगाच ओझं.

पण पोटरी आखडलेली असेल आणि पाऊल सतत खाली दाबत असेल, तर कुठलाही स्प्लिंट तडकेल. आधी डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टना दाखवा. अशा पायाला घोट्यापाशी बिजागरी असलेला स्प्लिंट सुचवला गेला तर थांबा, त्यात टाच उचललीच राहते आणि पाऊल मधून मोडतं. स्प्लिंट काढल्यावर कातडीवरचा लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर कड गरम करून वळवून घ्या. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला हाडाची गाठ लागते. स्प्लिंटची वरची कड तिच्या दोन सेंटिमीटर खाली हवी, तिथली नस दाबली जाता कामा नये.

प्रश्न : कॅलिपर घालून पूजेला मांडी घालता येईल का? (पंचवटी)

उत्तर : नीट नाही. आतली पट्टी मांडीत रुतते आणि सांध्यावर आडवा ताण येतो. पाटावर बसायचं तर कॅलिपर काढूनच. म्हणून बकल नको, वेल्क्रोचे पट्टे घ्या, आणि वेल्क्रो चिकटवलेला नको, कडीतून ओवलेला. धरेनासा झाला की तेवढा पट्टा बदलता येतो.