वाचक विचारतात : सोप्रानो ब्यूगलचे सोलो

प्रश्न : ऐंशीच्या दशकातल्या अमेरिकन ड्रम कोअरच्या (मैदानात संचलन करत ढोल आणि ब्यूगल वाजवणाऱ्या पथकांच्या) ध्वनिमुद्रणांत सोलो ऐकू येतो तो ट्रम्पेटच ना? मग त्याचा आवाज जाड का वाटतो?

उत्तर : तो सोप्रानो ब्यूगल. नेहमीचा ट्रम्पेट बी-फ्लॅटचा असतो, तर हा जीचा, म्हणजे पेटीच्या भाषेत पांढरी पाचचा. त्यामुळे नळी लांब. ट्रम्पेटची साधारण 1.48 मीटर, याची 1.75च्या आसपास. कागदावरचा सी वाजवला की कानावर खालचा जी येतो. माऊथपीस मात्र ट्रम्पेटचाच बसतो, म्हणून ट्रम्पेटवाल्याला ओठ नव्याने तयार करावे लागत नाहीत.

उंच स्वरांची तुलना करताना इथेच घोटाळा होतो. अमुक सोलोवादकाने 'डबल हाय सी', म्हणजे वरच्या सीच्याही एक सप्तक वरचा सी, मारला असं कौतुकाने सांगतात, पण तो ब्यूगलचा लिहिलेला सी असतो. ट्रम्पेटवर तोच आवाज लिहिलेल्या ए-वर मिळतो, दीड स्वर खाली. याने ब्यूगलवाल्याचं श्रेय कमी होत नाही. लांब नळीत वरचे नैसर्गिक स्वर (नुसत्या ओठाने मिळणारे) एकमेकांना अधिक चिकटून येतात. लिहिलेल्या वरच्या सीपासून पुढे शेजारच्या दोन स्वरांत जेमतेम एका स्वराचं अंतर उरतं आणि ते घटतच जातं. ओठ किंचित ढिले पडले की सूर शेजारच्या खाचेत घसरतो. पोकळ आवाज येण्याऐवजी चुकीचा स्वरच ठणठणीत वाजतो, आणि तो सगळ्या स्टेडियमला कळतो.

प्रश्न : त्या ब्यूगलला दोनच पिस्टन (दाबल्यावर नळीची लांबी वाढवणारी बटणं) असताना सगळे स्वर कसे मिळत? सोलोसाठी राग-पट्टी निवडताना काय पाहत?

उत्तर : सगळे मिळत नसत. त्या काळचे सोलो असे का बांधले गेले, हे यावरूनच उलगडतं.

पहिल्या महायुद्धानंतर माजी सैनिकांच्या संघटनांनी पथकं उभी केली, तेव्हा ब्यूगल बिनपिस्टनचा होता. मग उजव्या अंगठ्याने दाबायचा एक आडवा पिस्टन आला. तो वाद्याची पट्टी जीवरून खालच्या डीवर नेई. पुढे डाव्या हाताने चालवायचा रोटर, म्हणजे फिरती झडप, जोडला गेला, तो अर्धा स्वर उतरवी. आता हिशेब मांडा. लिहिलेल्या खालच्या सीपासून मधल्या सीपर्यंतच्या सप्तकात डी-शार्प, ई, एफ, जी-शार्प आणि ए, असे पाच स्वर या वाद्यात नाहीतच. साधी चढती सरगमसुद्धा अडते. म्हणून पुढे पिस्टनची उतरण एका पूर्ण स्वरावर आणली. त्यामुळे ई, एफ, ए हाती आले आणि गाळलेले स्वर कडेला गेले : खालचे सी-शार्प, डी, डी-शार्प आणि मधला जी-शार्प. 1977मध्ये या पथकांच्या स्पर्धा घेणाऱ्या ड्रम कोअर इंटरनॅशनल संस्थेने दोन उभे पिस्टन मान्य केले. बोटांची सोय झाली, पण गाळलेले स्वर तेच राहिले. तिसरा पिस्टन आला 1990मध्ये.

म्हणून सोलोची धून ई-च्या वर ठेवायची, आणि लिहिलेली पट्टी सी, एफ, जी किंवा बी-फ्लॅट. एफ सगळ्यात सोयीची. ए-मायनरसारख्या पट्टीत जी-शार्पवरून ए-वर जायचं असतं, तिथे धून मोडते. ई-फ्लॅट मेजरचंही तसंच, कारण ए-फ्लॅट म्हणजे तोच जी-शार्प. यावर तीन उपाय चालत. पट्टी बदलणे हा उत्तम. नाहीतर तो एक स्वर मेलोफोनला (पथकातलं मधल्या आवाजाचं पितळी वाद्य) देऊन लगेच धून परत घेणे. याला दोन्ही वादकांचा सराव जुळलेला लागतो. तिसरा उपाय म्हणजे ए-वरून ओठाने सूर खाली ओढणे. जाताजाता, पाव ठोक्यापुरता तो खपतो. त्यावर थांबलात की आवाज पातळ होतो आणि कच्चेपणा उघडा पडतो.

दोन्ही पिस्टन एकत्र दाबल्यावर येणारे ई आणि ए चढे लागतात, कारण दोन जोडनळ्यांची बेरीज हवी त्याहून थोडी आखूड पडते. पहिल्या पिस्टनची नळी किंचित बाहेर ओढून किंवा ओठ सैल करून ते उतरवावे लागतात. वरचा मोकळा (पिस्टन न दाबता वाजणारा) ई मात्र उलट, 14 सेंट उतरा; सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. लांब स्वरांच्या सोलोत हे दोन शेजारी आले की ऐकणाऱ्याला काहीतरी खटकतं, नेमकं काय ते सांगता येत नाही.

प्रश्न : आवर्जून ऐकावेत असे सोलोवादक कोणते?

उत्तर : आधी एक नेहमीची चूक. कॅलिफोर्नियातल्या कॉन्कॉर्डच्या ब्लू डेव्हिल्समधल्या बॉनी ऑट यांचं नाव सोप्रानोच्या यादीत टाकलं जातं. त्यांचं वाद्य मेलोफोन होतं. तरी सत्तरच्या दशकातलं त्यांचं वादन सोप्रानोवाल्यांनीही ऐकावं. ब्यूगलवर जॅझचा लवचीकपणा कसा आणायचा, याचा धडा तिथे आहे.

सोप्रानोसाठी आमची पहिली शिफारस मॅडिसन स्काउट्सची. 1988मध्ये कॅन्सस सिटीला त्यांनी अजिंक्यपद जिंकलं ते संगीतकार लेकुओनांच्या 'मलागेन्या' या रचनेवर, आणि तेही दोनच पिस्टनांवर. गाळलेल्या स्वरांचा तक्ता समोर ठेवून ऐका. धून कुठे वर उचलली आहे, कुठे दुसऱ्या वाद्याकडे सरकवली आहे, हे लक्षात यायला लागतं. नंतर 1990च्या पुढचं कोणतंही चांगलं पथक ऐका. खालच्या सप्तकातली संथ सुरावट अचानक सापडू लागते. तीन पिस्टनांनी वेग वाढवला असं म्हणतात. आमच्या मते खरा लाभ या खालच्या, उबदार स्वरांचा झाला.

ऐकताना काळाचा आणखी एक भाग ध्यानात असू द्या. 1983च्या मोसमापर्यंत गुणदानात 'टिक' पद्धत होती. परीक्षक मैदानात वादकांजवळून फिरत आणि दर चुकीला 0.1 गुण कापत. सोलोतला एक फुटका स्वर पथकाला थेट महागात पडे. तरीही जे वादक सूर वर नेण्याची जोखीम घेत, त्यांच्याविषयी आम्हाला विशेष आदर आहे.

प्रश्न : सोलोवादक बहुतेक वेळा पुढच्या रेषेजवळच का येतो?

उत्तर : आवाज पोचावा म्हणून, आणि ताल सुटू नये म्हणून. मैदानाची खोली जवळपास 49 मीटर. ध्वनी सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, म्हणजे मागच्या रेषेवरचा ढोल पुढे यायला 0.14 सेकंद लागतात. लय मिनिटाला 144 ठोक्यांची असेल तर हा ठोक्याचा तिसरा हिस्सा झाला. पुढे उभ्या वादकाने मागून कानावर येणाऱ्या ढोलावर वाजवलं, तर त्याचा आणि ढोलाचा आवाज प्रेक्षकांपर्यंत एकत्र पोचतो. ड्रम मेजरच्या (समोर उभं राहून हाताने ताल दाखवणाऱ्याच्या) हाताकडे बघून वाजवलं तर तो ढोलाच्या पुढे पळतो. सोलो मागून असेल तर उलट, नजर हातावर आणि कान बंद. नवखे वादक जागा बदलताना हा नियम बदलायला विसरतात आणि सोलोचं पहिलं आवर्तन लटपटतं.

ब्यूगलचं तोंड सरळ ठेवावं, छातीकडे झुकू देऊ नये. उंच सूर एका झोतात जातात. झोत गवतात गेला तर वरच्या ओळीतल्या माणसाला फक्त खालचा गुंजारव पोचतो.

प्रश्न : आता सोप्रानो का दिसत नाहीत?

उत्तर : 2000च्या मोसमापासून कोणत्याही पट्टीची पितळी वाद्यं चालू लागली आणि पथकं बी-फ्लॅट ट्रम्पेटकडे गेली. पुढे सोलोवादकासमोर मायक्रोफोनही आले. अमेरिकी मरीन दलाच्या 'द कमांडंट्स ओन' पथकाने मात्र जीचे दोन पिस्टनांचे ब्यूगल त्यानंतरही सोडले नाहीत.

प्रश्न : जुना पिस्टन-रोटर सोप्रानो मिळाला आहे. पिस्टन कोणत्या पट्टीचा हे कसं ओळखू? आवाज कोंडल्यासारखा येतो आणि वाद्य मध्येच चढतं.

उत्तर : मोकळा मधला सी धरा, ओठ न हलवता पिस्टन दाबा. सूर जीवर पडला तर तो डीचा, बी-फ्लॅटवर पडला तर एक स्वर उतरवणारा. पाहूनही कळतं. डीची जोडनळी एकूण 58 सेंटिमीटरच्या आसपास भरते, एका स्वराची 21, अर्ध्याची 10.

कोंडलेल्या आवाजाचं मूळ बहुधा रोटरमध्ये असतं. त्याची फिरण्याची मर्यादा दोन छोट्या बुचांवर ठरते. बुचं झिजली की रोटर जास्त फिरतो आणि हवेची भोकं समोरासमोर येत नाहीत. मागची टोपी काढा, आत दोन खुणा दिसतील. दाबून आणि सोडून, दोन्ही वेळा त्या जुळायला हव्यात. जुळत नसतील तर बूच बदला, ब्लेडने थोडं थोडं तासत बसवा. रोटर बाहेर काढायचा मोह टाळा. टोपीखालच्या टोकावर आणि दांडीजवळ तेलाचे एकेक थेंब पुरतात.

पिस्टन कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवा. गरम पाणी नको, लाखेचा मुलामा सुटतो. पुसून चार-पाच थेंब तेल लावा आणि मार्गदर्शक खुंटी खाचेत टेकेपर्यंत फिरवून बसवा. मग पिस्टन न दाबता त्याची जोडनळी झटक्यात ओढा. 'पॉक' असा आवाज आला तर हवा गळत नाही. आवाज आला नाही तर पिस्टन झिजला आहे, आणि उंच स्वर त्यामुळेच ओठ थकवतात. पाणी सोडण्याच्या झडपेचं बूचही तपासा.

अडकलेल्या मुख्य नळीवर गंज सोडवणारं तेल सोडा आणि रात्रभर ठेवा. सकाळी कापडी पट्टी वळणातून घालून दोन्ही बाजूंना सारखा ताण देत ओढा. पक्कड लावू नका. माऊथपीस अडकला असेल तर पिळू नका, जोड सुटतो. त्यासाठी वेगळं ओढणीयंत्र असतं.

वाद्य मध्येच चढतं ते उष्णतेने. दर अंशाला सुमारे 3 सेंट, म्हणजे 10 अंशांनी वाढलेल्या उन्हात 30 सेंट. सुरू करण्याआधी पाच मिनिटं वाद्यात श्वास सोडत राहा, मगच सूर जुळवा. ज्या उन्हात वाजवायचं, त्याच उन्हात जुळवा.