रॉ फोटो उघडला की फिका का पडतो? – वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांत आणि मेसेजमध्ये रॉ एडिटिंगचेच, म्हणजे कॅमेऱ्यानं साठवलेली कच्ची फाईल कॉम्प्युटरवर तयार करायचेच प्रश्न जास्त आहेत, म्हणून बाकीचे पुढच्या अंकात घेऊ.

प्रश्न : मी लग्नाच्या ऑर्डरी घेतो. आत्तापर्यंत जेपेगमध्येच काढत होतो, सगळे म्हणायलेत रॉमध्ये काढ म्हणून यंदाच्या सीझनला सुरू केलं. पण कॅमेऱ्याच्या मागं फोटो मस्त दिसतोय आणि कॉम्प्युटरवर उघडला की एका सेकंदात रंग उडाल्यासारखा फिका पडतोय. कॅमेऱ्यात प्रॉब्लेम आहे का सॉफ्टवेअरमध्ये? – एक वाचक, निपाणी

दोन्ही धड आहेत दादा, कॅमेरा दुकानात न्यायची काही गरज नाही. काय होतंय बघा, रॉ फाईलच्या पोटात कॅमेरा एक तयार जेपेग पण ठेवून देतो, मागच्या स्क्रीनवर तुम्हाला दिसतो तो हाच, आणि त्याच्यावर कंपनीनं ठरवलेला कॉन्ट्रास्ट, रंग, शार्पनेस सगळं आधीच चढवलेलं असतं. कॉम्प्युटरवर पहिल्या क्षणी दिसतो तो पण हाच, मग सॉफ्टवेअर खरा रॉ डेटा वाचतं आणि आपल्या साध्या सेटिंगनं दाखवतं, तिथं तुम्हाला वाटतंय रंग उडाला. उडालेलं काही नाही, त्या फोटोबद्दल अजून कुणी काही ठरवलेलं नाही आणि ते आता तुम्ही ठरवायचंय.

सेन्सरवरचा एकेक पिक्सेल फक्त एकाच रंगाचा प्रकाश मोजतो, लाल नाहीतर हिरवा नाहीतर निळा. ही जाळी कोडॅकमधले ब्राइस बायर यांनी शोधली, १९७६ सालचं पेटंट आहे, आणि तिच्यात निम्मे पिक्सेल हिरव्याचे असतात. रॉ म्हणजे या मोजमापाचे नुसते आकडे. जेपेगमध्ये एका रंगाला २५६ पायऱ्या मिळतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. मंडपाच्या कोपऱ्यात बसलेल्या आजीचा चेहरा जेपेगमध्ये उजळायला गेलं की डाग डाग दिसतात आणि रॉमध्ये बऱ्यापैकी निघतो, ते याच्यामुळं.

आता क्रम. पहिल्यांदा एक्सपोजर, म्हणजे फोटो किती उजळ ठेवायचा ते, आणि ते चेहऱ्याकडं बघून, मागच्या डेकोरेशनकडं बघून नाही. मग व्हाईट बॅलन्स, म्हणजे उजेडाचा रंग काढून पांढरं ते पांढरं दिसायला लावणं. आपल्याकडं मंडपाला लाल नाहीतर गुलाबी कापड असतं, दुपारचं ऊन त्यातून गाळून खाली येतं आणि सगळ्यांचे चेहरे लालसर होतात, जेपेगमध्ये हे काढता काढता जीव जातो. रॉमध्ये व्हाईट बॅलन्स फाईलमध्ये पक्का झालेलाच नसतो, कॅमेऱ्यानं काय लावलंय ती फक्त नोंद असते, त्यामुळं तुम्ही नंतर बदलला तरी क्वालिटी जात नाही. पिकर घेऊन खरोखर पांढऱ्या किंवा करड्या गोष्टीवर क्लिक करा. नवऱ्याची रेशमी टोपी आणि क्रीम कलरची शेरवानी पांढरी धरू नका, त्यात पिवळा असतो, मग चेहरे निळे पडतात. एक ग्रे कार्ड, म्हणजे करड्या रंगाचा पुठ्ठा, पिशवीत ठेवा आणि मंडपात गेल्या गेल्या त्याचा एक फोटो काढून ठेवा, त्याच्यावरून घेतलेला व्हाईट बॅलन्स त्या उजेडातल्या सगळ्या फोटोंवर एकदम टाकता येतो. मंडपातून बाहेर वरातीत आला की कार्डचा परत एक फोटो.

हे दोन झाल्याशिवाय कॉन्ट्रास्टला हात लावायचा नाही, आणि सॅच्युरेशन सगळ्यात शेवटी, कारण कॉन्ट्रास्ट वाढवला की रंग आपोआप गडद होतात आणि बऱ्याच वेळा सॅच्युरेशन लागतच नाही. एक कळकळीनं सांगतो, विकत मिळणारे प्रीसेट, म्हणजे एका क्लिकमध्ये लागणाऱ्या तयार सेटिंग, सुरुवातीचे काही महिने वापरू नका. ते दुसऱ्या कुणाच्या तरी उजेडात, दुसऱ्या कॅमेऱ्यावर केलेले असतात, आपल्या फोटोवर कधी बसतात कधी नाही, आणि का बसलं नाही ते कळायला आधी हातानं केलेलं पाहिजे.

प्रश्न : सर, मी कॉलेजला आहे, मामांनी जुना डीएसएलआर दिलाय. लाईटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरचे महिन्याचे पैसे मला परवडत नाहीत आणि क्रॅक कॉपी घेतली तर लॅपटॉपमध्ये व्हायरस येतोय म्हणतात. फुकटात शिकता येतं का? – एक वाचक, खानापूर

येतं की ताई, आणि चांगलं येतं. क्रॅकच्या नादाला लागू नका हे बरोबरच आहे. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही दोन सॉफ्टवेअर पूर्ण फुकट आहेत, कायदेशीर आहेत, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतात. शिवाय कॅमेरा कंपनीचं स्वतःचं पण असतंय, निकॉनचं एनएक्स स्टुडिओ, कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल, ही दोन्ही पण फुकट. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो उघडला तर वरच्या दादांनी विचारलेला फिकेपणा जवळजवळ दिसत नाही, कारण त्याला कॅमेऱ्यातली सगळी सेटिंग वाचता येतात, म्हणून पहिले काही दिवस तिथं काढा आणि हात बसला की डार्कटेबलला या. एकदम डार्कटेबल उघडलं तर मॉड्यूलची, म्हणजे एकेका कामाच्या वेगळ्या साधनांची, गर्दी बघून माणूस घाबरतो. पण त्यातली सगळी वापरायची नसतातच, सुरुवातीला एक्सपोजर, कलर कॅलिब्रेशन, सिग्मॉइड, लेन्स करेक्शन आणि क्रॉप एवढं पुरतं.

गिम्प पण फुकट आहे, पण ते एकटं रॉ उघडत नाही, डार्कटेबल नाहीतर रॉथेरपी इन्स्टॉल असलं की त्याच्यातून फोटो आत घेतं. आणि एक, डार्कटेबलमध्ये तुम्ही कितीही स्लायडर हलवले तरी मूळ रॉ फाईल बदलत नाही, काय काय केलं ते शेजारी एका छोट्या एक्सएमपी फाईलमध्ये लिहिलं जातं. म्हणून न घाबरता ओढून बघा, पार टोकाला नेऊन बघा, आवडलं नाही तर परत मागं येता येतं.

सरावाला फोटो कुठला घ्यावा तर ज्याच्यात ऊन आणि अंधार दोन्ही आहे असा. बेळगावला गेलात तर किल्ल्यातली कमल बस्ती बघा, काळ्या दगडाचे खांब, सावली, आणि बाहेर रखरखीत ऊन. फोटो काढायला चालतंय का ते तिथं आधी विचारा. उन्हातला भाग पांढरा फटक पडणार नाही इतकं एक्सपोजर कमी ठेवून काढा आणि मग घरी सावलीतले खांब उजळत जा. कुठपर्यंत दगडाचं टेक्स्चर निघतं आणि कुठून पुढं नुसते रंगीत ठिपके यायला लागतात ते आपल्या डोळ्यांनी बघा, तुमच्या कॅमेऱ्याची ताकद किती आहे ते त्या एका फोटोत समजतं.

प्रश्न : चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेत भंडारा उधळतानाचे फोटो काढले. डोळ्याला काय सुंदर दिसत होतं, पण फोटोत नुसता पिवळा पट्टा, ना धूर ना कण, माणसांचे चेहरे पण पिवळ्यात गेलेत. रॉमध्ये आहेत. काही करता येईल का? – एक वाचक, रायबाग

बऱ्यापैकी करता येईल, आणि हा प्रश्न आपल्या भागातल्या प्रत्येक फोटोग्राफरचा आहे, चिंचली असो, सौंदत्तीचा डोंगर असो नाहीतर अप्पाचीवाडीची हालसिद्धनाथाची यात्रा. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पिवळा म्हणजे कॅमेऱ्याच्या हिशोबात लाल आणि हिरवा भरपूर, निळा जवळजवळ शून्य. उन्हात उडालेल्या भंडाऱ्यात लाल चॅनेल २५५ ला, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीला, जाऊन धडकतो, निळा खाली तळाला जाऊन बसतो, आणि उजळ कण कुठला, सावलीतला कण कुठला हा फरकच संपतो. तोच तुमचा पिवळा पट्टा. पण रॉमध्ये गंमत अशी की दिवसाउजेडीच्या व्हाईट बॅलन्ससाठी सॉफ्टवेअर लाल आणि निळ्याचे आकडे गुणून वाढवतं, म्हणजे बऱ्याचदा लाल हा गुणल्यावर भिंतीला लागलेला असतो, सेन्सरवर मोजताना तो भरलेला नसतोच. डार्कटेबलच्या डार्करूममध्ये, म्हणजे एडिटिंगच्या खिडकीत, खाली रॉ ओव्हरएक्सपोज दाखवायचं बटण आहे ते दाबा. पट्ट्यावर खूण आली नाही तर माहिती आत शिल्लक आहे.

मग एक्सपोजर सरळ खाली ओढा, अर्धा स्टॉप, एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), आणि भंडाऱ्याकडंच बघत राहा. एका ठिकाणी पट्टा फुटून ढगाच्या कडा दिसायला लागतात, मग कण. चेहरे काळे पडतील, पडू देत, ते नंतर मास्क करून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, वेगळे उजळायचे. त्याच्यानंतर पिवळ्याचं सॅच्युरेशन कमी करा. हो, कमी. इतका गडद हळदीचा पिवळा साध्या स्क्रीनच्या एसआरजीबीत, म्हणजे तिला दाखवता येणाऱ्या रंगांच्या मर्यादेत, मावतच नाही, त्यामुळं रंग जितका वाढवाल तितका तो सपाट होत जातो, आणि थोडा उतरवला की त्याच्यात छटा परत दिसतात. लोकं इथंच उलटं करतात, भंडारा जास्त पिवळा दिसावा म्हणून सॅच्युरेशन वाढवतात आणि होता तो कण पण घालवतात.

व्हाईट बॅलन्सला ऑटो ठेवलं असेल तर कॅमेरा सगळीकडं पिवळं बघून फोटो निळ्याकडं ओढतो, आणि तिथं पांढरं शोधायला जाऊ नका, यात्रेत पांढरं धोतर पण पिवळं झालेलं असतंय. सरळ डेलाईट लावा, ५२०० ते ५५०० केल्विनच्या मध्ये, आणि तिथून डोळ्यानं थोडं इकडं तिकडं. चेहऱ्यावरचा पिवळा सगळा काढू नका. तो रंग नसून भंडारा आहे, कपाळाला लावलेला आहे, तो धुऊन काढला तर फोटो यात्रेचा राहत नाही.

पुढच्या वेळी काढतानाच कॅमेऱ्यात आरजीबी हिस्टोग्राम, म्हणजे उजेड किती आहे ते दाखवणारा आलेख, चालू ठेवा, तिन्ही रंगांचा वेगवेगळा. एकत्र हिस्टोग्राम अशा वेळी फसवतो, तो मजेत मधोमध दिसतो आणि लाल उजवीकडं आपटलेला असतो. हा हिस्टोग्राम पण त्या आतल्या जेपेगवरूनच काढलेला असतो, म्हणजे थोडा जास्तच घाबरवतो, पण यात्रेत घाबरलेलं बरं, दोन-तृतीयांश स्टॉप कमी ठेवून काढा. आणि कॅमेऱ्याला प्लास्टिक गुंडाळा ओ, भंडारा लेन्सच्या रिंगमध्ये गेला की एडिटिंगनं निघत नाही.

प्रश्न : बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत आयएसओ ६४०० ला काढलेत. निळ्या एलईडीत पोरांचे चेहरे नुसते निळे आहेत आणि दाणे पण भरपूर. – एक वाचक, शहापूर, बेळगाव

दाण्यांचं सोपं आहे, चेहऱ्यांचं अवघड. डार्कटेबलमध्ये डिनॉइज प्रोफाइल्ड म्हणून मॉड्यूल आहे, त्याला तुमच्या कॅमेरा मॉडेलचा त्या आयएसओला किती नॉइज, म्हणजे दाणे, येतो ते आधीच माहीत असतं. लाल-हिरवे रंगीत ठिपके पूर्ण काढा, बारीक काळा-पांढरा दाणा थोडा राहू द्या, नाहीतर मावळ्याच्या वेशातली पोरं मेणाची दिसतात. आणि शंभर टक्के झूम करून ठरवू नका, जेवढी प्रिंट काढणार तेवढ्यावर बघा.

निळ्याचं असं, त्या एलईडीत लाल प्रकाश नसतोच, मग कातडीचा रंग सेन्सरपर्यंत पोचलेलाच नाही, व्हाईट बॅलन्स कितीही ओढला तरी जे आलंच नाही ते येणार नाही. दोन वाटा आहेत. एक तर निळा थोडा उतरवून तो रात्रीचा उजेड म्हणून स्वीकारा. नाहीतर काळा-पांढरा करा, पण करताना निळ्या चॅनेलवरून नको, तो भरून वाहिलेला असतो. कलर कॅलिब्रेशनमध्ये ग्रे म्हणून टॅब आहे, तिथं हिरव्याला वजन जास्त द्या, डोळे, मिशा, फेट्याच्या घड्या सगळं चांगलं येतं. मिरवणुकीत लाईट सारखा रंग बदलत असतो, पुढच्या वर्षी पांढरा नाहीतर पिवळा पडेपर्यंत दम धरा.

प्रश्न : लॅबमधून आलेला अल्बम स्क्रीनपेक्षा काळपट येतो. – एक वाचक, चिकोडी

बहुतेक तुमच्या स्क्रीनचा ब्राईटनेस फार वर आहे, त्यामुळं तुम्ही फोटो नकळत गडद करताय. तो खाली आणा, रात्री खोलीत अंधार करून एडिट करू नका, आणि पूर्ण अल्बम पाठवायच्या आधी त्याच लॅबमधून दोन-चार प्रिंट काढून स्क्रीनशेजारी धरून बघा. एक्सपोर्ट करताना एसआरजीबीच ठेवा, लॅबनं स्वतः दुसरं सांगितलं तर गोष्ट वेगळी. साईज ३०० पीपीआयनं, म्हणजे एका इंचाला ३०० पिक्सेलनं धरा, म्हणजे १२ बाय १८ ला ३६०० बाय ५४०० पिक्सेल, १२ बाय ३६ च्या अल्बमच्या पानाला ३६०० बाय १०,८००.

प्रश्न : जुने जेपेग फोटो रॉमध्ये कन्व्हर्ट करून मिळतात का? – एक वाचक, हुक्केरी

नाही. डीएनजी, म्हणजे रॉच्या एका प्रकारची फाईल, करून देणारी सॉफ्टवेअर आहेत, पण आत भरलेला माल जेपेगचाच राहतो, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. जेपेग पण डार्कटेबलमध्ये उघडतो, थोडंफार एक्सपोजर आणि रंग सुधारतो, तेवढं करून घ्या. आणि इथून पुढं कॅमेऱ्यात रॉ प्लस जेपेग लावा, कार्ड लवकर भरेल पण घरच्यांना लगेच पाठवायला जेपेग हाताशी राहील.