परवा कोल्हापुरात युद्धपट पाहिला. विमानांची लढाई खरंच अशी असते का?

नाही, हवाई लढाई सहसा तशी नसते. पण वैमानिकाचं धाडस पडद्यावर दिसतं त्याहून मोठं असतं. वायुसेनेत लढाऊ विमानांच्या देखभालीवर नोकरी केली, म्हणून सांगतोय. आता आपल्या कोल्हापुरातच असतो. सिनेमातला हिरो गरकन वळतावळता लांबलचक डायलॉग मारतो. प्रत्यक्षात अशा वळणात सहा-सात ‘जी’चा, गुरुत्वाकर्षणाच्या सहा-सात पट, दाब येतो. म्हणजे ७० किलोच्या माणसाला आपलं वजन ४२० किलोच्या वर जाणवतं, डोक्यातलं रक्त पायांकडे उतरतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. पाय-पोट आवळून, श्वास धरत-सोडत शुद्ध टिकवायची, तिथं बोलायला सुचतंय कुणाला? खाली उतरलेल्या वैमानिकाचा ओव्हरऑल घामानं भिजलेला असायचा, गालांवर मास्कचे वळ. शिवाय आता क्षेपणास्त्रं इतक्या लांबून सुटतात की शत्रूचं विमान बऱ्याचदा नजरेलाही पडत नाही.

पण म्हणून सगळंच तिखटमीठ समजू नका. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरच्या धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों यांनी नॅट हे छोटं लढाऊ विमान उडवलं आणि पाकिस्तानी सेबर विमानांना एकटे भिडले. त्यात त्यांना वीरमरण आलं. परमवीरचक्र मिळालेले वायुसेनेतले ते एकमेव.