मोबदल्याच्या पैशातून बीएमडब्ल्यू, की कमाईतून छोटी चपळ गाडी?

वरूड तालुक्यातल्या एका वाचकांचं पत्र आहे. वय ३६, बाबांच्या नावावर अकरा एकर वावर, त्यातला सहा एकर संत्र्याचा बगीचा, शिवाय गावात स्वतःचं कृषी केंद्र. रस्त्याच्या चौपदरीकरणात दोन एकर गेले आणि ५२ लाखांचा मोबदला बाबांच्या खात्यात जमा झाला. गाड्यांचं वेड शाळेपासूनचं. आता दोन गाड्या डोक्यात आहेत. एक, नागपूरच्या डीलरकडची चार वर्षं वापरलेली बीएमडब्ल्यू एम३४०आय, किंमत ४६ लाख; त्यातले २० लाख मोबदल्यातून आणि २६ लाख कर्ज, १२ टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी. दुसरी, नवी ह्युंदाई आय-ट्वेंटी एन लाइन, ऑन-रोड १२ लाख ८० हजार. ते विचारतात, "छोटी घेतली तर मन मारल्यासारखं होईल का? आणि मोठी घेतली तर घर अडचणीत येईल का?"

भाऊ, नमस्कार. आधी उत्तर देतो, मग हिशोब. छोटी घ्या, आणि तीही मोबदल्याला हात न लावता. मोठी घेतली तर घर नक्की अडचणीत येईल. छोटी घेतली तर मन मारावं लागणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

गाडीच्या आधी तुमच्या पत्रातल्या एका ओळीवर थांबतो. वावर बाबांच्या नावावर होतं आणि पैसे बाबांच्या खात्यात आले, असं तुम्ही लिहिता. दोन बहिणींची लग्नं झाली, हेही लिहिता. मग हे ५२ लाख तुमचे कसे झाले? जमीन वडिलोपार्जित असेल तर हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, लग्न झालं म्हणून तो संपत नाही. वावराच्या जागी पैसे आले, तरी हक्क त्या पैशांवर येतोच. बाबांनी स्वतःच्या कमाईतून जमीन घेतलेली असेल तर पैसा संपूर्ण त्यांचा आहे, आणि तो कुठे लावायचा हे त्यांनीच ठरवायचं. दोन्ही बाजूंनी पाहिलं तरी त्यातून २० लाख काढून गाडी घेण्याचा अधिकार आज तुमच्याकडे नाही. दारात बीएमडब्ल्यू उभी राहिली आणि त्याच महिन्यात बहिणीनं हिश्शाचा विषय काढला, तर जे बोलणं होईल ते पुढे अनेक वर्षं घरात राहील. आधी चौघांनी बसून बोला, आणि जे ठरेल ते लेखी करा.

आता गाड्यांकडे येतो. हा विषय मलाही जिव्हाळ्याचा आहे.

हलक्या स्पोर्ट्स कारमागचा विचार जुना आहे. इंग्लंडमध्ये लोटस कंपनी काढणाऱ्या कॉलिन चॅपमननं ताकद वाढवण्यापेक्षा वजन घटवण्यावर भर दिला. १९९६ साली बाजारात आलेली लोटस एलिस जेमतेम सव्वासातशे किलोची होती, इंजिन १.८ लिटरचं, ताकद १२० अश्वशक्तीच्या आसपास. त्याआधी १९८९ मध्ये जपानच्या माझदानं एमएक्स-५ आणली. एक टनाच्या आतली, दोन माणसांची, साध्या १.६ लिटर इंजिनाची ही गाडी पुढे जगातली सगळ्यात जास्त खपलेली दोन आसनी स्पोर्ट्स कार ठरली. दोन्ही गाड्या आपल्या देशात अधिकृतपणे विकायला आल्या नाहीत. पण त्यांनी सिद्ध केलेली गोष्ट आपल्याकडचा शेतकरी बैलजोड्यांच्या शर्यतीत, शंकरपटात, कधीपासून पाहतो आहे: पटावर पळणारा छकडा मुद्दाम हलका बांधतात, कारण जोडीची ताकद ओझं ओढण्यात गेली तर वेगाला काही उरत नाही.

गाडीत तर वजन चारही बाजूंनी पैसे मागतं. जड गाडी थांबवायला ब्रेक पॅड जास्त झिजतात, वळणावर टायर जास्त घासले जातात, खड्ड्यात सस्पेन्शनला जास्त मार बसतो आणि प्रत्येक वेळी उचल घेताना पेट्रोल जास्त जळतं. एम३४०आयचं वजन साधारण १.७ टन. तिचं तीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन अप्रतिम आहे, हे मी मोकळेपणानं सांगतो. ३८७ अश्वशक्ती, शून्य ते शंभर ४.४ सेकंदांत, आणि सहा सिलिंडर एका रांगेत असल्यानं येणारा तो गुळगुळीत आवाज. ज्यानं एकदा चालवली त्याला ती पुन्हा हवीशी वाटते, यात तुमची काही चूक नाही.

पण ही ताकद वापरणार कुठे? समृद्धी महामार्गावर कारची वेगमर्यादा ताशी १२० आहे. ही गाडी तो आकडा सहाएक सेकंदांत गाठते, आणि मग उरलेला सगळा प्रवास तुम्ही पाय आवरून बसता. वरूडहून मोर्शीला, काटोलला जाताना तर शंभरही फार झाले. एन लाइनचं ९९८ सीसीचं तीन सिलिंडर टर्बो इंजिन १२० अश्वशक्ती देतं, शंभरला पोचायला तिला दहाएक सेकंद लागतात. ती एलिस नाही, एमएक्स-५ नाही, पुढच्या चाकांवर चालणारी घरगुती हॅचबॅकच आहे. पण वजन टनाच्या थोडंच वर आहे, स्टिअरिंग घट्ट केलेलं आहे आणि सहा गिअरचा मॅन्युअल बॉक्स मिळतो. तो मॅन्युअलच घ्या. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन पूर्ण ओढून चालवण्याचा आनंद या गाडीत कायद्याच्या मर्यादेत राहून रोज मिळतो. म्हणूनच मन मारावं लागणार नाही असं मी म्हटलं.

आता डीलरचं गणित. तो तुम्हाला म्हणाला असेल की नवी गाडी सत्तर लाखांच्या वर जाते, ही ४६ ला मिळते, घसारा पहिल्या मालकानं सोसला. हे खरं आहे. पण गाडीची किंमत उतरली तरी तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. हेडलाइट फुटला, टर्बो गेला, सस्पेन्शनचा एखादा भाग बदलायचा झाला, तर बिल सत्तर लाखांच्या गाडीचंच येतं. शिवाय चार वर्षं जुनी गाडी म्हणजे खर्च निघायला लागण्याचं वय. टायर बहुधा रनफ्लॅट (हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे) असतील, पुढचे-मागचे वेगळ्या मापाचे, म्हणजे पुढचे मागे फिरवून झीज सारखी करता येत नाही. चारांचा संच लाखाच्या पुढे जातो. आणि हे काम वरूडला होणार नाही. प्रत्येक सर्व्हिसला शंभरेक किलोमीटर नागपूर, आणि गाडी रस्त्यात बसली तर टो करून नागपूर.

तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून वर्षाचा हिशोब मांडतो. कृषी केंद्रातून महिन्याला ४५ हजार, म्हणजे वर्षाला ५ लाख ४० हजार. बगीचा चांगला आला तर खर्च वजा जाता साडेसात लाख, गेल्या वर्षी आंबिया बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीत फुलणाऱ्या) फळगळती झाली तेव्हा ३ लाख. घरखर्च महिन्याला ३५ हजार. म्हणजे चांगल्या वर्षी हातात ८ लाख ७० हजार उरतात आणि वाईट वर्षी ४ लाख २० हजार.

२६ लाखांच्या कर्जाचा हप्ता महिन्याला सुमारे ५७,८०० बसतो. तो एकटाच तुमच्या दुकानाच्या कमाईपेक्षा मोठा आहे. वर्षाला ६ लाख ९४ हजार, आणि पाच वर्षांत व्याजच ८ लाख ७० हजार. त्यावर विमा, सर्व्हिस आणि टायरसाठी मी वर्षाला तीन लाख धरतो. १२ हजार किलोमीटर चालवलीत, लिटरला नऊचं अ‍ॅव्हरेज आणि १०५ रुपये भाव धरला, तर पेट्रोल १ लाख ४० हजार. एकूण ११ लाखांच्या वर. चांगल्या वर्षीही अडीच लाखांची तूट आहे. वाईट वर्षी ती सात लाखांची होईल आणि ती भरायला मोबदल्यातलेच पैसे निघतील. असं दोनदा झालं की उरलेले ३२ लाख १८ लाखांवर येतात.

एन लाइनचं पाहू. मृग बहाराचे (पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलणाऱ्या) तुम्ही बाजूला ठेवलेले ६ लाख डाउन पेमेंटला द्या, उरलेले ६ लाख ८० हजार कर्ज काढा. नव्या गाडीला ९ टक्के धरले तर पाच वर्षांसाठी हप्ता साधारण १४,१००. वर्षाचा हप्ता, विमा, सर्व्हिस, पेट्रोल मिळून सव्वातीन लाखांच्या आत. वाईट वर्षीही हे निघतं. ओढाताण होईल, पण निघतं. सरकारी दरही छोट्या इंजिनाच्या बाजूनं आहेत. सप्टेंबर २०२५ पासून १२०० सीसीपर्यंतच्या, चार मीटरच्या आतल्या पेट्रोल गाडीवर जीएसटी १८ टक्के आहे, मोठ्यांवर ४०. थर्ड पार्टी विम्याचा वर्षाचा दर हजार सीसीच्या आत २,०९४ रुपये आणि दीड हजारच्या वर ७,८९७. एन लाइन ९९८ सीसीची असल्यानं दोन्हीकडे खालच्या दरात बसते.

तुम्ही चांगल्या वर्षाचा आकडा धरून हप्ता ठरवला, याचीच मला जास्त काळजी वाटते. संत्र्याचं उत्पन्न असं सरळ रेषेत येत नाही. बांगलादेशानं आयात शुल्क वाढवत नेल्यापासून व्यापारी बगीचा झाडावर घेताना भाव पाडून मागतो. डिंक्या, कोळशी असे झाडाचे रोग आले, ताण द्यायच्या (फुलोऱ्यासाठी पाणी तोडायच्या) वेळी पाऊस झाला, की बहार बिघडतो. वरूड-मोर्शीचं भूजल अतिशोषित आहे, बोअर कधी आटेल ते सांगता येत नाही. बँक मात्र दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पैसे कापणार. छोट्या कर्जालाही, बहारानुसार सहामाही हप्ता बांधून मिळतो का, हे बँकेत विचारून पाहा. ट्रॅक्टरच्या कर्जाला ती पद्धत आहे. आणि कमी पडले तर पीककर्ज उचलून गाडीच्या विम्याचे पैसे भरू, असं जे लिहिलंत, ते करू नका. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत व्याज शून्यावर येतं. ती सवलत गाडीपायी थकबाकीत घालवू नका.

मोबदल्याचं काय करायचं, तेही थोडक्यात. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखालचा निवाडा असेल तर मोबदल्यावर आयकर नाही, पण तो बँकेत ठेवून मिळणाऱ्या व्याजावर आहे. निवाड्याची प्रत जपून ठेवा. ५२ लाख एकाच बँकेत पडून आहेत, हे आधी बदला. ठेव विमा एका बँकेत एका ठेवीदाराला पाच लाखांपर्यंतच मिळतो, आणि पतसंस्थेतल्या ठेवीला तोही नाही. हिस्से ठरेपर्यंत चांगल्या बँकांमध्ये सहा महिन्यांच्या ठेवी करा. बाबा ६८ वर्षांचे आहेत. त्यांच्या वाट्यातून ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाख ठेवता आले तर ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ६१,५०० रुपये त्यांच्या खात्यात येतील. तुमच्या मोठ्या मुलीला दहा वर्षं पूर्ण व्हायच्या आत तुमच्या दोन्ही मुलींची सुकन्या समृद्धीची खाती उघडा. तुमच्या वाट्याला जे येईल त्यातले पाच-सहा लाख शेततळं, ठिबक आणि डिंक्यानं गेलेली झाडं बदलण्यावर घाला. गाडीचा हप्ता शेवटी त्याच बगीच्यातून जायचा आहे.

तरीही बीएमडब्ल्यूकडे मन ओढत असेल तर निदान तिची आरसी मागवून पाहा. पहिली नोंदणी दिल्लीची असेल, तर एनओसी आणून महाराष्ट्राचा कर नव्यानं भरावा लागेल, आणि तो ४६ लाखांत धरलेला आहे का ते लेखी घ्या.

"मग मोठी गाडी कधीच नाही का?" असंही तुम्ही शेवटी विचारलंय. तसं मी म्हणणार नाही. एन लाइनचं कर्ज फिटलेलं असेल, लागोपाठ तीन बहारांत बाजूला पडलेल्या पैशातून गाडीची किमान पाऊण किंमत रोख देता येत असेल, आणि त्यानंतरही दोन वर्षांचा घरखर्च ठेवीत असेल, तर मला पुन्हा पत्र लिहा. तेव्हा कोणतं सहा सिलिंडरचं इंजिन घ्यायचं, हे आपण दोघं मिळून ठरवू. सध्या मात्र नागपूरच्या डीलरला इसार दिला नसेल तर देऊ नका, आणि दिला असेल तर पावतीवर परतीची अट काय लिहिली आहे ते आजच वाचा.