न्यूटनची ‘नॅचरल फिलॉसॉफी’: तत्त्वज्ञान, भौतिकशास्त्र की आणखी काही?

कराडच्या एका बाईंनी विचारलं आहे. त्या कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतात. विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांनी न्यूटनचा तक्ता केला आणि त्याच्या १६८७ सालच्या ग्रंथाचं नाव ‘नैसर्गिक तत्त्वज्ञानाची गणिती तत्त्वे’ असं लिहिलं. मराठीच्या सरांनी हरकत घेतली: न्यूटन तत्त्वज्ञ कधी झाला? सरळ ‘भौतिकशास्त्राची गणिती तत्त्वे’ लिहा. बाईंना दोन्ही पटेना. जाता जाता त्यांनी हेही विचारलंय, की भौतिकशास्त्रातल्या पीएच.डी.त ‘फिलॉसॉफी’ कुठून आली?

बाई, मी तुमच्या जागी असतो तर ‘निसर्गमीमांसेची गणिती तत्त्वे’ असं लिहिलं असतं. हा शब्द कुठल्या परिभाषाकोशातून उचललेला नाही, माझी सूचना आहे. ती का, ते सांगतो.

आधी ‘नैसर्गिक’चा निकाल लावू. नैसर्गिक शेती म्हणजे निसर्गाबद्दलची शेती नव्हे, निसर्गाच्या कलाने केलेली. नैसर्गिक प्रसूती, नैसर्गिक मृत्यू, सगळीकडे तेच. त्यामुळे ‘नैसर्गिक तत्त्वज्ञान’ वाचणाऱ्याला ते खत-औषध न घातलेलं तत्त्वज्ञान वाटणार. न्यूटनला म्हणायचं होतं निसर्गाविषयीचं तत्त्वज्ञान. तेव्हा विशेषण सोडून समास करावा.

आता सरांची सूचना. ‘भौतिकशास्त्र’ सोयीचं आहे, पण त्यामुळे इतिहास बिघडतो. न्यूटनच्या काळात भौतिकशास्त्र नावाचा वेगळा विषय नव्हता. निसर्ग कसा चालतो याचा विचार हा तत्त्वज्ञानाचाच एक भाग होता आणि तसं समजण्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. गॅलिलिओ १६१० साली तस्कनीच्या ड्यूककडे नोकरीला गेला, तेव्हा नुसतं ‘गणिती’ म्हणवून घ्यायला तो तयार नव्हता. ‘तत्त्वज्ञ’ ही पदवी त्यानं मागून घेतली, कारण गणितज्ञाचा मान कमी होता. देकार्तनं १६४४ साली ‘तत्त्वज्ञानाची तत्त्वे’ असा ग्रंथ लिहिला. न्यूटननं आपल्या ग्रंथाच्या नावात त्याच दोन शब्दांना ‘निसर्ग’ आणि ‘गणिती’ जोडले. नावातच देकार्तला कोपरखळी आहे: तुमची तत्त्वं होती, माझी गणितानं सिद्ध केलेली आहेत. मराठी नावात ‘भौतिकशास्त्र’ घातलं की ही कोपरखळी गायब. शिवाय १७१३ च्या दुसऱ्या आवृत्तीला न्यूटननं जे समारोपाचं टिपण जोडलं, त्यात ईश्वराबद्दल बरंच काही आहे. ते आजच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात कोण छापेल?

इंग्रजीत ‘फिजिसिस्ट’ हा शब्द विल्यम व्ह्यूएल यांनी १८४० साली घडवला. ‘सायंटिस्ट’ही त्यांचाच, त्याच्या काही वर्षं आधीचा. मायकेल फॅरडेला ‘फिजिसिस्ट’ आवडला नाही. तोंडाला आणि कानाला इतका अवघड शब्द आपण कधी वापरू असं वाटत नाही, असं त्यानं खुद्द व्ह्यूएलनाच कळवलं. विजेच्या इतिहासातलं एवढं मोठं नाव, पण स्वतःला ‘नॅचरल फिलॉसॉफर’च म्हणवून घेई. पुढे लॉर्ड केल्विन झालेले विल्यम थॉमसन १८४६ ते १८९९ ग्लासगोला नॅचरल फिलॉसॉफीचे प्राध्यापक होते, आणि त्यांनी भौतिकशास्त्रज्ञ टेटबरोबर लिहिलेल्या १८६७ च्या पाठ्यपुस्तकावरही तेच नाव आहे. नाव मागे राहिलं, धंदा पुढे गेला. नील्स बोरची अणूची प्रतिकृती १९१३ साली ज्या नियतकालिकात आली, त्याचं नाव ‘फिलॉसॉफिकल मॅगझीन’. ते १७९८ पासून आजही निघतं आणि त्यात तत्त्वज्ञान शोधायला गेलात तर हाती धातूंचे आणि स्फटिकांचे लेख लागतील.

म्हणून माझा ढोबळ नियम असा: १८४० च्या आधीचं काही असेल तर भौतिकशास्त्र म्हणू नये, नंतरचं असेल तर मूळ नाव काहीही असो, खुशाल म्हणावं. केल्विन यांना तक्त्यावर भौतिकशास्त्रज्ञ लिहा.

मग न्यूटनला सरळ ‘निसर्गाचे तत्त्वज्ञान’ का नको? चूक नाही ते. पण मराठी कानाला ‘तत्त्वज्ञान’ वेगळं ऐकू येतं. रोजच्या बोलण्यात हा शब्द थोडा बदनामच आहे. ‘तत्त्वज्ञान झाडू नको’ म्हणतो तेव्हा समोरचा कामाचं सोडून भलतंच बोलतोय असं आपलं म्हणणं असतं. आणि गंभीर वापरात तो मोक्षाशी बांधलेला आहे. न्याय हे तर्काचं जुनं दर्शन, म्हणजे तत्त्वज्ञानाचा पंथ. त्याच्या न्यायसूत्रांचं पहिलंच सूत्र प्रमाण, प्रमेय वगैरे सोळा गोष्टींची यादी देऊन म्हणतं, की यांच्या तत्त्वज्ञानानं निःश्रेयस (म्हणजे मोक्ष) मिळतं. (त्या यादीत ‘वितंडा’ही आहे, बरं का! वितंडवादाला इतकं मानाचं पान दुसरीकडे कुठे मिळालं नसेल.) गीतेच्या तेराव्या अध्यायात ‘तत्त्वज्ञानार्थदर्शनम्’ येतं ते अध्यात्माच्याच ओळीत. ग्रीकांच्या ‘फिलॉसॉफिया’त शहाणपणाची ओढ आहे, सुटकेचं आश्वासन नाही. अकरावीतला मुलगा ‘निसर्गाचे तत्त्वज्ञान’ वाचून झाडाखाली बसलेला न्यूटन डोळ्यांपुढे आणेल आणि सफरचंदाच्या गोष्टीमुळे ते चित्र अगदी चपखल बसेल, ही पंचाईत.

‘मीमांसा’ हा शब्द यातून वाचतो. मूळ अर्थ खोलात जाऊन केलेला विचार. पूर्वमीमांसा यज्ञकर्मांची खरी, आणि आमच्या वाईच्या प्राज्ञपाठशाळेत केवलानंद सरस्वतींनी ‘मीमांसाकोश’ सिद्ध केला तोही त्याच शास्त्राचा. पण मराठीनं हा शब्द यज्ञमंडपातून केव्हाच बाहेर आणला आहे. आगरकर तुमच्या कराडजवळच्या टेंभूचे. त्यांचं व्याकरणाचं पुस्तक ‘वाक्यमीमांसा’. देवाधर्मावर कोरडे ओढणाऱ्या माणसाला हा शब्द सोवळा वाटला नाही. तत्त्वज्ञानाच्या वर्गात ज्ञानमीमांसा, सत्तामीमांसा (सत्ता म्हणजे अस्तित्व) आहेतच. आणि वर्तमानपत्रात तर निवडणूक हरली की दुसऱ्या दिवशी पराभवाची ‘कारणमीमांसा’ येतेच. कारणं शोधणं, पुरावा तपासणं, निष्कर्ष काढणं, एवढं सगळं या शब्दात आहे आणि मोक्ष नाही. न्यूटनला हेच हवं होतं. फक्त गुरुत्वाकर्षण कसं चालतं ते सांगून झाल्यावर ते मुळात का आहे, या प्रश्नापाशी तो थांबला. घटनांवरून कारण सापडलं नाही आणि मी गृहीतकं रचत नाही, असं त्यानं १७१३ च्या त्याच टिपणात लिहून टाकलं. भौतिकशास्त्र आणि तत्त्वज्ञान यांच्या वाटा फुटण्याची जागा दाखवायची तर मी या वाक्यावर बोट ठेवीन.

आता सरांच्या मूळ हरकतीकडे येतो, कारण तिच्यात एक गंमत आहे. तत्त्वज्ञानाचा भौतिकशास्त्राशी संबंध काय, असं ते विचारतात. युरोपात हे दोघे एकत्र होते आणि मग वेगळे झाले. मराठीत उलटं घडलं. एकोणिसाव्या शतकात हा विषय आपल्याकडे आला तो वेगळा होऊनच, पण त्याला शब्द देताना आपल्या लोकांनी थेट दर्शनांचा पेटारा उघडला. जुनं नाव ‘पदार्थविज्ञान’ घ्या. पदार्थ म्हणजे पदाचा अर्थ, शब्दानं जे जे दाखवता येतं ते सगळं. वैशेषिक हे अशांपैकीच एक दर्शन. त्याचे सहा पदार्थ: द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष आणि समवाय. सातवा अभाव मागाहून आला. ‘नसणं’ हाही पदार्थ! फराळाच्या ताटातला पदार्थ आणि प्रयोगशाळेतला पदार्थ ही फार पुढची बाळं.

‘मूलद्रव्य’मधलं द्रव्य तिथलंच. वैशेषिकांची द्रव्यं नऊ: पृथ्वी, पाणी, तेज, वायू, आकाश, काल, दिशा, आत्मा, मन. नववीच्या पुस्तकातल्या ‘द्रव्याच्या मोजमापा’त शेवटचे दोन गळाले, बाकीच्यांचं काय झालं ते तुम्ही शिकवताच.

त्याहून रंजक आहे गुणांची यादी. अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ ही न्यायाची पहिली इयत्ता. तो चोवीस गुण सांगतो. त्यात परिमाण, संयोग, गुरुत्व, द्रवत्व आहेत आणि त्याच रांगेत बुद्धी, सुख, दुःख, इच्छाही आहेत. गुरुत्वाची व्याख्या पाहा: ‘आद्यपतनासमवायिकारणं गुरुत्वम्’. वस्तू पडते तेव्हा पहिल्यांदा जे पडणं घडतं, त्याचं कारण गुरुत्व. फक्त पहिल्या पडण्याचं. पुढचं पडणं वेगामुळे. हा ‘वेग’ ‘संस्कार’ नावाच्या गुणाचा एक प्रकार. संस्काराचे प्रकार तीन: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. वाकवलेली वस्तू सोडली की तिला पूर्वस्थितीला आणतो तो स्थितिस्थापक. अन्नंभट्टाचं उदाहरण चटईचं आहे. अनुभवातून आत्म्यात उरते आणि आठवण घडवते ती भावना. म्हणजे यंगचा स्थितिस्थापकता गुणांक फळ्यावर लिहिता तेव्हा तुम्ही जो शब्द वापरता, त्याची सख्खी भावंडं गती आणि स्मृती आहेत. चटईला तिची जुनी स्थिती ‘आठवते’, असं काहीसं त्या वर्गीकरणाच्या मुळाशी असावं, असा माझा तर्क.

अणू-रेणूंचंही तसंच. वैशेषिकांत परमाणू अविभाज्य. दोन मिळून द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचा त्रसरेणू, आणि तो कवडशात तरंगताना डोळ्यांना दिसतो. मराठीनं अणू हा सगळ्यांत लहान ठरवला आणि मोठ्याला रेणू म्हटलं. हिंदीनं परमाणु लहान ठेवला आणि अणु मोठा. राज्याच्या सीमेपलीकडचं हिंदी पुस्तक हाती आलं की आपल्या मुलांचा गोंधळ होतो तो यामुळे. मला आपली वाटणी जास्त बरी वाटते, पण ते मी मराठी आहे म्हणूनही असेल.

पुढे वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोश आकाराला आला, त्यात या विषयाला ‘भौतिकी’ म्हटलं आहे. ज्यांची पदवीच न्यायशास्त्राची, त्यांच्या हाताखाली पदार्थविज्ञान मागे पडून भौतिकी आली, याची मला मौज वाटते. शाळा-कॉलेजांत मात्र ‘भौतिकशास्त्र’च टिकलं.

विसाव्या शतकाबद्दल लिहायचं तर ‘तत्त्वज्ञान’ हा शब्द बिनधास्त वापरा, तिथे दुसरा चालायचा नाही. वाटणी झालेल्या भावांच्या शेतात विहीर सामाईक राहते आणि पाण्याची पाळी ठरवताना पुन्हा बोलणं होतंच, तसं काळ, कारण आणि वास्तव या तीन गोष्टींचं झालं. भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट माखनं अणू मानायला नकार दिला तो तात्त्विक कारणांनी. पण त्याच माखच्या आणि तत्त्वज्ञ ह्यूमच्या वाचनानं आइन्स्टाइनला निरपेक्ष काळाबद्दल शंका घ्यायचं धैर्य मिळालं. १९२२ साली पॅरिसला फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसाँ आणि आइन्स्टाइन समोरासमोर आले, तेव्हा आइन्स्टाइननं तत्त्वज्ञांचा वेगळा काळ असतो हेच नाकारलं. हा वाद मराठीत मांडायला सोपा आहे. घड्याळातली ती वेळ, आणि बर्गसाँ ज्याच्यासाठी भांडत होता तो काळ. ‘वेळ गेली’ आणि ‘काळ गेला’ यांत जो फरक आहे, तोच.

मोजण्यापूर्वी कणाला ठरलेले गुण असतात का, हा बोर आणि आइन्स्टाइनमधला वाद बरीच वर्षं निव्वळ तात्त्विक म्हणून बाजूला ठेवला होता. बहुतेकांचं धोरण एकच होतं: गणित जमतंय ना, मग गप्प बसा. १९६४ साली भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेलनं त्या प्रश्नाला असमीकरणाचं रूप दिलं, १९७२ पासून क्लाउझर, मग आस्पे आणि त्साइलिंगर यांनी तो प्रयोगानं तपासला, आणि २०२२ चं नोबेल तिघांना मिळालं. तत्त्वज्ञान मेलं आहे, असं हॉकिंग यांनी २०१० साली जाहीर केलं होतं. बारा वर्षांत मयतानं चांगली प्रगती केली म्हणायची! या कामाला मराठीत ‘भौतिकशास्त्राचे तत्त्वज्ञान’ म्हणावं. इथे ‘मीमांसा’ नको, कारण आता दोन वेगळ्या विषयांची भेट दाखवायची आहे आणि दोघांचीही नावं दिसली पाहिजेत.

राहिलं पीएच.डी. जुन्या युरोपीय विद्यापीठांत धर्मशास्त्र, कायदा आणि वैद्यक सोडून उरलेलं सगळं तत्त्वज्ञान विद्याशाखेत येई. जर्मन विद्यापीठांनी त्या शाखेची डॉक्टरेट रूढ केली आणि तिच्यात रसायन, भौतिक, गणित सगळे आले. विषय शाखेबाहेर पडले, पदवीचं नाव राहिलं. मराठीतली ‘विद्यावाचस्पती’ यापेक्षा सरस आहे, कारण तिच्यात तत्त्वज्ञान नाही, फक्त विद्या आहे. पण सत्काराच्या पत्रिकेवर ‘पीएच.डी.’च छापा. विद्यावाचस्पती म्हटलं, की पाहुणे विचारतात, संस्कृतात का?