तडीपार की हद्दपार?

सिन्नरच्या एका वाचकाने विचारले आहे की, ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानाने १०४ भारतीयांना अमृतसरला आणून सोडले, तेव्हा त्यांच्याविषयी कोणी ‘हद्दपार’ म्हणाले, कोणी ‘तडीपार’, तर कोणी ‘परत पाठवणी’. यांतला योग्य शब्द कोणता? पत्राच्या शेवटी त्यांनी त्राग्याने असेही लिहिले आहे की, ‘बेकायदा राहणारे परदेशी आणि आपल्याच गल्लीतले गुंड, सगळ्यांना एकदाचे तडीपार करा, म्हणजे सुटलो.’ उत्तराची सुरुवात मी या त्राग्यापासूनच करतो, कारण त्यात दोन अगदी निराळ्या माणसांना एकाच शब्दात कोंबले आहे.

‘तड’ म्हणजे काठ. संस्कृत ‘तट’ शब्दाचे हे मराठी वळण. काम ‘तडीस नेणे’ या प्रयोगातली तड हीच. ‘तडीपार’ म्हणजे काठापलीकडे. नदी हीच गावाची सीमा असेल, तर माणसाला पलीकडे घालवले की गाव त्याच्यातून मोकळे झाले, असा त्यामागचा हिशोब दिसतो. नाशिकला तो लागू पडत नाही, ही गोष्ट वेगळी. आपल्याकडे गोदावरीच्या तडीपार गेलेला माणूस होळकर पूल ओलांडून फार तर पंचवटीत पोचेल. ‘हद्द’ हा शब्द मूळचा अरबी, अर्थ मर्यादा. आज तो आपल्या कानावर पडतो तो मुख्यतः पोलीस ठाण्याच्या संदर्भात, आणि वैतागलेल्या माणसाच्या तोंडी ‘आता मात्र हद्द झाली’ या रूपात.

कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर या दोन शब्दांत आपण समजतो तेवढे अंतर नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ याच्या ५५, ५६ आणि ५७ या कलमांखाली पोलीस आयुक्त, किंवा आयुक्तालय नसेल तिथे जिल्हा दंडाधिकाऱ्यांसारखे अधिकारी, एखाद्याला ठरावीक क्षेत्राबाहेर राहण्याचा आदेश देतात; त्याची मुदत दोन वर्षांपेक्षा जास्त असू शकत नाही, आदेशापूर्वी नोटीस देऊन म्हणणे ऐकावे लागते आणि आदेशाविरुद्ध राज्य शासनाकडे अपील करता येते. सरकारी कागदावर या आदेशाला ‘हद्दपारी’ म्हणतात, बातमीत आणि कट्ट्यावर ‘तडीपारी’. ही न्यायालयाने गुन्ह्याबद्दल दिलेली शिक्षा नव्हे, पुढचा गुन्हा टाळण्यासाठी योजलेला उपाय आहे. मुदत संपली की माणूस परत येतो, कारण त्याचे घर इथेच असते.

माझ्या मते सगळा अर्थ या घरापाशी येऊन थांबतो. जुन्या नाशकात आमच्या शेजारच्या वाड्यात असा एक तरुण होता. त्याची आई विचारणाऱ्या प्रत्येकाला ‘मामाकडे गेलाय’ असे सांगायची. गणपतीतल्या एका रात्री त्याच्या चपला उंबऱ्याबाहेर दिसल्या आणि काय ते अख्ख्या वाड्याला कळले. (आदेश मोडून असे परत येणे हा त्याच अधिनियमाच्या १४२व्या कलमाखाली स्वतंत्र गुन्हा आहे, तरी ‘तडीपार गुंड शहरात सापडला’ ही बातमी वाचून आता कोणी दचकत नाही, आणि लोकांच्या चिडीचे एक कारण तेही आहे.) तडीपाराला घरापासून दूर लोटले जाते. अमृतसरला उतरलेल्यांना, त्यांत महाराष्ट्रातलेही तिघे होते, त्यांच्या स्वतःच्या देशात आणून सोडले गेले. दिशाच उलटी असल्यामुळे त्यांना ‘तडीपार’ म्हणणे चूक आहे.

शिवाय तडीपार म्हटले की गुंड डोळ्यांपुढे येतो, आणि तो आरोप शब्दातूनच चिकटतो. अमेरिकेत चोरट्या वाटेने सीमा ओलांडणे हा फौजदारी गुन्हा आहे. व्हिसाची मुदत उलटल्यावर राहून जाणे हा मात्र दिवाणी स्वरूपाचा नियमभंग मानतात. तिथल्या कायद्याने १९९६ सालच्या दुरुस्तीत ‘डिपोर्टेशन’ बाजूला ठेवून ‘रिमूव्हल’, म्हणजे नुसते ‘काढून लावणे’, हा कोरडा शब्द पत्करला. लोकांच्या बोलण्यात अर्थातच जुनाच टिकला.

ज्याला खरोखर शिक्षा म्हणून पाण्यापलीकडे घालवत, त्यासाठी मराठीत ‘काळे पाणी’ होते, आणि ते नाशिकला सांगायला नको. भगूरच्या बाबाराव सावरकरांना १९०९ साली आणि नंतर विनायकरावांना ही शिक्षा झाली आणि अंदमानात धाडले गेले, ते न्यायालयाच्या निकालाने. १९५५ साली ती शिक्षा कायद्यातून गेली, तरी शब्द राहिला.

‘परत पाठवणी’ चुकीची नाही, पण ‘पाठवणी’ म्हटले की मला मांडवातली नवरी आणि डोळे पुसणारी आई दिसते, त्यामुळे बेड्या घालून विमानात बसवलेल्यांसाठी तो शब्द माझ्या हातून लिहिला जात नाही. ‘प्रत्यार्पण’ तर वेगळेच. तिथे खटल्यासाठी किंवा शिक्षेसाठी एक देश आरोपीला दुसऱ्याच्या ताब्यात देतो, जसे एप्रिल २०२५ मध्ये तहव्वूर राणाला अमेरिकेने भारताच्या ताब्यात दिले.

तेव्हा बातमीत ‘हद्दपार’ चालेल, कारण देशालाही हद्द असते. मी स्वतः ‘मायदेशी परत धाडले’ असे लिहीन. पत्रातले ते वाक्य मात्र दोन वाक्यांत तोडावे लागेल. गल्लीतल्या गुंडाला तडीपार करा, असे खुशाल म्हणावे. इथे बेकायदा राहणाऱ्या परदेशी माणसाला तडीपार करून तो फार तर शेजारच्या जिल्ह्यात जाईल. त्याला परत धाडायचे, तर ‘हा आमचाच नागरिक’ असे आधी त्याच्या देशाने मान्य करावे लागते, आणि पत्रलेखक ज्या दिरंगाईवर चिडले आहेत, तिचा मोठा भाग त्या पडताळणीतच जातो.